क्रीडाशिक्षक आमोस स्टॅग

प्रभूच्या सेवेस आपले आयुष्य द्यावे असा निश्चय करून जो तरुण ईश्वरविद्येचा अभ्यास करू लागतो, आणि अर्ध्या वाटेवर ज्यास कळून चुकते की, आपणास उपदेश करता येत नाही, त्याने पुढे कोणती वाट धरावी? हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत नवा नाही. मिशनच्या शाळेतून परत आलेला एखादा मुलगा पहिल्याच रविवारी उपासनेत अडखळला, म्हणजे गावची वडीलधारी माणसे त्याच्याविषयी आशा सोडतात आणि तोही आपल्याविषयी आशा सोडतो. अमेरिकेतील एका मनुष्यापुढे हाच प्रश्न १८९० च्या सुमारास उभा राहिला. त्याने धरलेली वाट अशी होती की, तीवर कोणी ईश्वराची सेवा करीत असेल, असे त्या काळच्या पुष्कळ भाविक लोकांस वाटतही नव्हते. त्या मनुष्याचे नाव आमोस अलोंझो स्टॅग. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

मि. स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी प्रांतातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. आईबापांस आठ मुले. त्यांत हे पाचवे. बाप जोडे शिवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत असे. आपल्याकडे ज्या धंद्यावरून मनुष्याची पायरी जन्मतःच ठरून जाते, तो धंदा त्या देशात जातीचा नव्हे. पण दारिद्र्य मात्र तेथेही त्या धंद्याच्या पाठीस लागलेले होते. वस्ती मजुरांची होती. शनिवारची मजुरी दारूच्या गुत्त्यात जाऊन रविवारी मुले उपाशी राहात, हे लहानग्या आमोसाने शेजारच्या घरांतून पाहिले, आणि त्या पाहण्याने जन्मभर दारूस न शिवण्याचा त्याचा निर्धार झाला. घरचे वळण प्रेसबिटेरियन मंडळीचे, कडक व प्रार्थनाशील होते. ज्या संदेष्ट्याचे नाव या मुलास मिळाले होते, तोही मेंढरांमागून बोलाविलेला, संदेष्ट्यांच्या घराण्यातला नव्हे, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे.

गावची शाळा संपली तेव्हा वय विशीच्या पलीकडे गेले होते. पुढे शिकावयाचे तर पैसा पाहिजे, आणि पैसा तर नाही. फिलिप्स एक्झेटर नावाच्या एका नामांकित शाळेत त्यांनी एक वर्ष काढले. राहण्यास छपराखालची एक माळ्याची खोली. तीत शेगडी नाही, आणि तिकडची थंडी म्हणजे पाणी गोठविणारी. खाण्यास बहुतकरून सोड्याची कोरडी बिस्किटे. १८८४ साली येल येथील विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेथेही हाच क्रम चालू राहिला, आणि पोटास पुरेसे न मिळाल्यामुळे त्यांची प्रकृती बिघडली. तेव्हा त्यांस समजले की, शरीराची हेळसांड करणे म्हणजे भक्ती नव्हे. आम्हांस वाटते, त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज या उपासमारीत आहे. ज्याने भुकेने आपले शरीर खचलेले पाहिले, त्यानेच पुढे सत्तर वर्षे दुसऱ्यांच्या मुलांची शरीरे बळकट करण्याचे काम केले.

येल येथे त्यांचे नाव प्रथम गाजले ते बेसबॉल या खेळात. हा खेळ साधारणपणे आपल्या क्रिकेटसारखा: एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने दांडूने मारावा. स्टॅग हे चेंडू टाकणारे होते. १८८८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाशी झालेल्या एका सामन्यात प्रतिपक्षाच्या खेळाडूंस त्यांच्या चेंडूंनी वीस वेळा चकवून बाद केले. हे ऐकून धंदेवाईक संघांची बोलावणी येऊ लागली. न्यू यॉर्कच्या संघाने एका हंगामास ४,२०० डॉलर देऊ केले. जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने इतका पैसा कधी एके ठिकाणी पाहिलाही नव्हता. वर्षभर पाळकाचे काम करून पुष्कळ पाळकांस याच्या चौथाईदेखील मिळत नसे. तरी त्यांनी नकार दिला. त्या काळी धंदेवाईक खेळाच्या मैदानातच दारूची दुकाने असत, आणि आपण उपदेशक होण्यास निघालो असताना तेथे आपला खेळ विकावा, हे त्यांच्या मनास पटेना. न्यू यॉर्कप्रमाणे इतरही संघांनी विचारले; त्यांसही हेच उत्तर मिळाले.

पदवी घेतल्यावर ते येल येथेच ईश्वरविद्येच्या शाळेत गेले. विद्यार्थ्यांच्या यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे चिटणीसपद त्यांजकडे होते. या सुमारास ते विद्यापीठाच्या फुटबॉल संघातही खेळत, आणि १८८९ साली सबंध देशातील उत्तम अकरा खेळाडूंची जी पहिली निवड प्रसिद्ध झाली, तीत त्यांचे नाव होते. परंतु ज्या कामासाठी हा सर्व खटाटोप, तेच साधेना. भाषणास उभे राहिले की जीभ जड होई. विचार चांगला असे, भाव खरा असे, पण तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोचत नसे. मोशेची जीभ जड होती तेव्हा देवाने त्यास अहरोन दिला. स्टॅग यांस अहरोन मिळाला नाही. मिळाले ते एवढेच की, मैदानावर मुलांमध्ये असताना त्यांस शब्दांची उणीव पडत नसे. तेथे त्यांचे वागणेच बोलत असे. पुष्कळ प्रार्थना व विचार केल्यावर त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यास अर्ध्यावर सोडला. आपल्या पाचारणापासून आपण ढळलो नाही, केवळ त्याची जागा बदलली, असे त्यांचे मन त्यांस सांगत होते. तथापि बाहेरच्या लोकांस ते दिसण्यासारखे नव्हते. ज्यांनी त्यांस पाळक म्हणून पाहण्याची आशा धरली होती, त्यांस काय वाटले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करता येईल.

१८९० साली ते मॅसॅच्युसेट्स प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेत गेले. तेथे डॉक्टर ल्यूथर ग्यूलिक यांच्या हाताखाली शरीरशिक्षणाचा अभ्यास चालत असे. तेथेच जेम्स नेस्मिथ हे होते. तेही ईश्वरविद्या शिकून मैदानाकडे वळलेले. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडते, तेव्हा घरात खेळण्याजोगा एखादा खेळ शोधून काढावा, असे काम नेस्मिथ यांजकडे आले, आणि डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या भिंतीस उंच टांगून बास्केटबॉल या खेळाचा आरंभ केला. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमक्ष पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थ्यांनी पाच वेळा चेंडू टोपलीत टाकला, शिक्षकांनी एकदा. आणि तो एकदा टाकणारे स्टॅग होते. आमच्या मिशनच्या वसतिगृहांत मुलेमुली हा खेळ खेळतात तेव्हा तो कोठून आला याचा विचार कोणी करीत नाही. त्याच स्प्रिंगफील्डच्या शाळेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे असोसिएशनचे शरीरशिक्षणाचे विद्यालय काढले, आणि तेथे शिकून गेलेल्या शिक्षकांनी हे खेळ हिंदुस्थानभर नेले.

आता शिकागोची हकीकत. येल येथे शास्त्राचे व हिब्रू भाषेचे अध्यापन करणारे विल्यम रेनी हार्पर यांस बाप्तिस्त मंडळीच्या लोकांनी शिकागो येथे निघणाऱ्या नव्या विद्यापीठाचे अध्यक्ष नेमले. रॉकफेलर या धनाढ्य गृहस्थाने त्यासाठी मोठी देणगी दिली होती. हार्पर यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास बोलावून, शरीरशिक्षणाचे खाते तू चालव, वर्षास १,५०० डॉलर मिळतील, असे सुचविले. स्टॅग गप्प बसले. हार्पर यांनी २,००० म्हटले. स्टॅग तरी गप्पच. मग २,५०० आणि शिवाय प्राध्यापकाचा दर्जा! वस्तुतः स्टॅग हे पैशासाठी अडून बसले नव्हते. ते स्वभावाप्रमाणे विचार करीत होते, आणि अध्यक्षांस वाटले की रक्कम कमी पडते. न बोलण्याने मनुष्याचे नेहमी नुकसानच होते असे नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ उघडले, तेव्हा पहिल्या दिवशी खेळावयास अवघे तेरा विद्यार्थी आले. अकरांचा संघ भरण्यासाठी शिक्षकास स्वतः मैदानात उतरून खेळावे लागे.

येथे त्या खेळाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर पुढील मजकूर समजणार नाही. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो गोल चेंडू पायाने मारण्याचा खेळ. अमेरिकेतील फुटबॉल निराळा. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. तो काखेत घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत धावत जावयाचे, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे. हुतूतूची धरपकड आणि कुस्तीची ताकद ही दोन्ही एकत्र केली म्हणजे त्याची काहीशी कल्पना येईल. संघात एक गडी क्वार्टरबॅक नावाचा असतो. मधला गडी चेंडू मागे देतो तो प्रथम याच्या हाती येतो, आणि तो कोणाकडे द्यावा, कोणत्या बाजूने धाव घ्यावी, याची खूण हाच करतो. तात्पर्य, तो संघाचा कारभारी होय. तो चुकला तर दहाही जणांचे श्रम फुकट जातात.

स्टॅग यांनी या खेळास जी नवी रूपे दिली त्यांची मोजदाद करण्याचे हे स्थळ नव्हे. गडी पाडण्याचा सराव करण्यासाठी गादी गुंडाळून टांगण्याची युक्ती त्यांचीच. परंतु त्यांची कीर्ती झाली ती युक्त्यांपेक्षा त्यांच्या वागण्याने. ते तंबाखू ओढीत नसत, दारू पीत नसत, आणि मैदानावर कितीही राग आला तरी त्यांच्या तोंडून अपशब्द निघत नसे. फार झाले तर एखाद्यास गाढव म्हणत. विद्यार्थी थट्टेने म्हणत की, संघातले सगळेच गाढव होऊन गेल्याखेरीज हंगाम संपत नाही. सामन्यापूर्वी ते प्रार्थना करीत, ती जयासाठी नव्हे, प्रत्येकाने आपले पूर्ण बळ प्रामाणिकपणे लावावे यासाठी. १८९४ साली त्यांनी स्टेला रॉबर्टसन या विद्यार्थिनीशी विवाह केला. बाईंनी नवऱ्याचा खेळ नवऱ्याइतकाच जाणून घेतला. सामना चालू असताना त्या वर बसून प्रत्येक डावाची नोंद कागदावर आकृती काढून ठेवीत, आणि रात्री दोघे त्या आकृत्या पुढे घेऊन बसत. हा क्रम साठ वर्षांच्या जवळपास चालला. पुढे स्टॅग यांस पायाच्या शिरेचे दुखणे जडले तेव्हा ते विजेवर चालणाऱ्या गाडीत बसून मैदानावर फिरत व शिकवीत, पण घरी बसले नाहीत.

१९०५ हे वर्ष त्यांच्या कीर्तीचे, आणि आमच्या मते त्यांच्या परीक्षेचेही. त्या वर्षी देशभर या खेळात इतकी मुले जखमी झाली व मेली की, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या लोकांस बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. वर्तमानपत्रांनी त्या हंगामातील मृत्यू अठराच्या आसपास मोजले होते. नियम ठरविणाऱ्या मंडळात स्टॅग होते, आणि १९०६ पासून चेंडू हाताने पुढे फेकण्याची मोकळीक देऊन ती दाटीवाटीची झोंबाझोंबी कमी करण्यात आली.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरास, उपकारस्तुतीच्या दिवशी, शिकागोचा सामना मिशिगन विद्यापीठाशी झाला. मिशिगनचा संघ त्यापूर्वीच्या ५६ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. अध्यक्ष हार्पर हे कर्करोगाने अंथरुणास खिळलेले होते. पुढच्या जानेवारीत ते वारले. सामन्यात शिकागोने २ विरुद्ध शून्य अशा गुणांनी जय मिळविला. हे दोन गुण कसे मिळाले? शिकागोच्या क्वार्टरबॅकने लाथ मारून उडविलेला चेंडू मिशिगनच्या क्लार्क नावाच्या गड्याने आपल्याच हद्दीच्या टोकास झेलला, तो घेऊन पुढे निघाला, आणि त्यास मागे ढकलून पाडण्यात आले. शिकागो शहरात रात्रभर आनंद चालला. क्लार्क मात्र ते विसरला नाही व लोकांनीही त्यास विसरू दिले नाही. १९३२ साली त्याने आत्मघात केला. मरणापूर्वीच्या पत्रातही त्याने त्या डावाचा उल्लेख केला होता, असे म्हणतात. मुलांच्या खेळावर मोठ्या माणसांनी किती ओझे घालावे?

तो चेंडू उडविणारा क्वार्टरबॅक वॉल्टर एकर्सॉल. याची गोष्ट सांगितल्यावाचून स्टॅग यांचे चरित्र पुरे होत नाही, आणि ती आम्ही मुद्दाम सांगतो. कारण धार्मिक पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांचा अंधारातला भाग गाळण्याची आमच्या लोकांस सवय आहे. पवित्र शास्त्र तसे करीत नाही. दावीद राजाची गोष्ट त्यात सबंध आहे.

एकर्सॉल हा शिकागोचाच मुलगा. अंगाने लहानखुरा, वजन अवघे १४० पौंडांच्या घरात. पण धावण्यात वारा आणि लाथ मारण्यात निशाणबाज. शाळेत असतानाच त्याचे नाव झाले होते, आणि मिशिगन व शिकागो ही दोन्ही विद्यापीठे त्यास ओढू पाहात होती. मिशिगनच्या गाडीची वाट पाहात तो फलाटावर उभा असता स्टॅग यांनी त्यास परत आणले, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यावरून त्या ओढाताणीची कल्पना येते. १९०३ ते १९०६ असे चार हंगाम तो शिकागोकडून खेळला. १९०४, १९०५ व १९०६ या तिन्ही वर्षी देशातील उत्तम अकरांत त्याची निवड झाली. १९०६ साली नेब्रास्काच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने पाच वेळा लाथेने चेंडू खांबांच्या वरून पार केला. शहरात लहान मुले त्याची नक्कल करीत. स्टॅग त्यास आपल्या उत्तमोत्तम शिष्यांत गणीत.

पण हा विद्यार्थी होता का? प्रवेशास लागणारी तयारीच त्याची पुरी नव्हती. खेळासाठी त्यास घेतले, खेळासाठी त्यास ठेवले. आणि वर्गात तो जाई न जाई. खेळाडूंस आत घेण्यासाठी व टिकविण्यासाठी विद्यापीठात कशा सवलती चालतात, यावर १९०५ सालीच एका मोठ्या साप्ताहिकात लेख आले, आणि त्यांत शिकागोचे नाव होते. चार हंगामांअखेर पदवीस लागणाऱ्या अभ्यासापैकी निम्म्याहूनही कमी त्याच्या पदरी पडला होता. शेवटचा सामना झाला, टाळ्या झाल्या, आणि १९०७ च्या आरंभी विद्यापीठाने त्यास पुन्हा नाव नोंदविण्याची मनाई केली. ज्या दिवसापर्यंत त्याचा उपयोग होता त्या दिवसापर्यंत त्याचे दोष कोणास दिसले नाहीत, हे वाचून आम्हांस वाईट वाटते.

एकर्सॉल पुढे शिकागो ट्रिब्यून या वर्तमानपत्रात खेळांचा बातमीदार झाला, आणि सामन्यांत पंचाचे कामही करी. कधी तर ज्या सामन्यात तो पंच, त्याचीच हकीकत दुसऱ्या दिवशी त्याच्याच लेखणीने छापली जाई. लोकांत त्याचे नाव राहिले. परंतु तो दारूच्या आहारी गेला, प्रकृती ढासळली, आणि १९३० च्या मार्चमध्ये पन्नाशी गाठण्यापूर्वीच तो मरण पावला. ज्या शिक्षकाने लहानपणी शेजारच्या घरांत दारूने केलेला नाश पाहून तिचा तिरस्कार केला, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध शिष्याचा हा शेवट झाला.

यात स्टॅग यांचा दोष किती? मनुष्य मोठा झाल्यावर आपल्या वागण्याचा जाब आपणच देतो, हे खरे. खोटे बोलून किंवा लाच घेऊन स्टॅग यांनी काही केले, असेही नाही. तरी आम्हांस असे दिसते की, ओठांतून निघणाऱ्या शिवीवर ज्यांची इतकी नजर होती, त्यांनी या मुलाच्या कोऱ्या वहीकडे नजर दिली नाही. तरुणांची चारित्र्ये घडविण्यास मी मैदान घेतले, असे ते म्हणत, आणि शेकडोंच्या बाबतीत ते खरे ठरले. पण जय गोड असतो. ४,२०० डॉलरचा मोह ज्याने एका क्षणात बाजूस सारला, त्यास हा दुसरा मोह ओळखता आला नाही. कारण तो पैशाच्या रूपाने आला नाही, विद्यापीठाच्या कीर्तीच्या आणि आपल्या कामाच्या यशाच्या रूपाने आला. आम्हां पाळकांस व कॅटेकिस्टांस हा मोह परका नाही. मिशनच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा वाढावा म्हणून घाई करून कोणास घेतले, आणि पुढे त्याची विचारपूस केली नाही, असे कधीच झाले नाही काय?

पुढील वर्षांत मैदान वाढत गेले. त्यास स्टॅग यांचेच नाव देण्यात आले होते, आणि अखेरीस सुमारे ५०,००० लोक बसतील एवढ्या बैठकी तेथे झाल्या. रविवारी होणाऱ्या धंदेवाईक फुटबॉलविरुद्ध १९२३ साली स्टॅग यांनी कडक शब्दांत जाहीर पत्र लिहिले. विद्यार्थ्यांच्या खेळाची त्याने नासाडी होईल व प्रभुवारही जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. धंदा शेवटी वाढलाच. १९२४ नंतर शिकागोच्या संघास आपल्या गटाचे अजिंक्यपदही मिळाले नाही.

१९३२ साली ते सत्तर वर्षांचे झाले. त्या वेळचे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे विशीपासूनच पुढे आलेले, बुद्धिमान, आणि खेळाच्या बडेजावाविषयी नावड असलेले गृहस्थ होते. सत्तराव्या वर्षी निवृत्त होण्याचा नियम त्यांनी शिथिल केला नाही. चांगल्या पगाराची एक सल्लागाराची जागा स्टॅग यांस देऊ केली होती. काम नाही आणि वेतन आहे, ही गोष्ट त्यांस मानवली नाही. एकेचाळीस वर्षे ज्या ठिकाणी काढली ते सोडून, पत्नीसह ते दोन हजार मैलांवर कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन या गावी मेथडिस्ट लोकांनी स्थापिलेल्या पॅसिफिक महाविद्यालयात गेले. महाविद्यालय लहान, पैसा बेताचा, विद्यार्थी मोजके. सत्तरीच्या पुढे मनुष्य मुलानातवंडांत बसतो. यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

१९३८ साली पॅसिफिकचा संघ शिकागोस गेला. ज्या मैदानास त्यांचे नाव, त्याच मैदानावर स्टॅग यांच्या नव्या विद्यार्थ्यांनी शिकागोस ३२ विरुद्ध शून्य असे हरविले. पुढच्याच वर्षाअखेर शिकागो विद्यापीठाने हा खेळ अजिबात बंद केला. मैदान ओस पडले. त्याच्या पश्चिमेकडील बैठकींखालच्या रिकाम्या जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी व इतर शास्त्रज्ञांनी अणूच्या विघटनाची साखळी प्रथम चालू करून दाखविली, आणि त्या शोधातून पुढे काय निपजले हे जगास माहीत आहे. कोठल्या जागेचा कोणता उपयोग होईल हे ती बांधणाऱ्यास कळत नाही.

१९४३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, देशातील इतर क्रीडाशिक्षकांनी त्यांस त्या वर्षाचे उत्तम शिक्षक म्हणून निवडले. युद्धामुळे नौसेनेचे उमेदवार महाविद्यालयात शिकावयास आले होते, त्यांच्या बळावर लहानशा पॅसिफिकने मोठमोठ्यांस जेरीस आणले. १९४६ मध्ये तेथेही त्यांस मान देऊन बाजूस बसविण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी ती जागाही सोडली. थोरला मुलगा आमोस हा पेन्सिल्व्हेनियातील सेलिन्सग्रोव्ह येथे सस्क्वेहॅना या लुथरन विद्यापीठात क्रीडाशिक्षक होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा बाप मुलाच्या संघास शिकवू लागला, आणि १९५१ साली बापलेकांचा तो संघ एकही सामना हरला नाही. आकृत्या काढणाऱ्या आई होत्याच.

स्टेलाबाई थकल्या तेव्हा मात्र त्यांनी दूरचे काम सोडले व स्टॉक्टनच्या घरीच राहून पत्नीची सेवा केली. जवळच्या महाविद्यालयात ते मुलांस चेंडू लाथेने उडविण्याचे शिक्षण देत, तेही १९६० पर्यंत, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षापर्यंत. अंगणातले गवत ते स्वतः हाताच्या यंत्राने कापीत. शेजारची मुले त्यावरून धावत जाऊन ते तुडवितात म्हणून कोणी तक्रार केली, तर गवत पुन्हा उगवेल, मुलांचे दिवस पुन्हा येणार नाहीत, अशा अर्थाचे ते बोलत, असे त्यांच्याविषयी सांगतात.

१९६४ साली पत्नी वारल्या. सत्तर वर्षांच्या संसारानंतर ते एकटे राहिले, आणि १७ मार्च १९६५ रोजी स्टॉक्टन येथे, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, प्रभूच्या विसाव्यात गेले. त्यांच्या नावावर ३१४ सामने जिंकल्याची नोंद होती. ती १९८१ पर्यंत कोणा विद्यापीठीय शिक्षकाने ओलांडली नाही.

शिकागो विद्यापीठाने तीस वर्षांच्या खंडानंतर १९६९ मध्ये फुटबॉलचा संघ पुन्हा उभा केला. आता तेथे खेळासाठी कोणास शिष्यवृत्ती दिली जात नाही. जे वर्गात बसतात तेच संध्याकाळी मैदानावर येतात, आणि सामन्यास माणसे थोडी असतात.